बक्षिसाची खुर्ची

साहेबांनी खुर्ची थोरलीच्या टेबलापासून स्वतः ढकलत धाकटीच्या टेबलाशी आणली. चाकांची, मऊ गादीची, पाठ टेकायला उंच. साबणाची खोकी भरायच्या त्या लांबलचक शेडमध्ये बसायला म्हणून तेवढी एकच वस्तू. बाकी बाया सकाळी ज्या उभ्या राहत त्या सुटीची घंटा होईपर्यंत उभ्याच. आठवड्यात जिने सगळ्यांत जास्त खोकी भरली, तिने पुढचा आठवडा बसून काम करायचं, ही साहेबांची योजना. त्याने बायांना हुरूप येतो, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत.

टाळ्या पडल्या. धाकटी कानकोंडी होऊन टेबलाला धरून उभी राहिली. तिला सातवा महिना होता, आणि पाय सुजून चपलेत मावत नव्हते. उभं राहणं बंद कर, नाहीतर हेही मूल हाती लागायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तिला दरडावून सांगितलं होतं. त्या 'हेही'नंतर घरात कुणाला घास गेला नव्हता. पण काम सोडायचीही सोय नव्हती. दोघा भावांच्या हाताला काम नव्हतं, आणि घर चालत होतं ते या दोन जावांवरच.

थोरली शेजारच्याच टेबलावर असे. मागच्या वेळी रक्ताचं पाणी करून तिने खुर्ची जिंकली आणि साहेबांपुढे हात जोडले, की मी उभी राहते, हिला बसू द्या. साहेबांनी तिला समजावलं. बक्षीस असं ज्याला त्याला वाटत सुटलो, तर उद्या मेहनत कोण करेल? मग थोरलीही बसली नाही. कशी बसणार, शेजारी ते पोट घेऊन ही उभी! आठवडाभर खुर्ची रिकामी राहिली, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोघी उभ्या.

त्याच आठवड्यात थोरली आपण भरलेलं दर दुसरं खोकं गुपचूप धाकटीच्या गाडीवर सरकवू लागली. दोघी भिंतीकडच्या कोपऱ्यात, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. मोजणीवाला प्रत्येकीच्या गाडीवरची खोकी मोजायचा. ती कुणाच्या हातची, हे त्याला काय करायचंय?

"बसा, बसा," साहेब म्हणाले.

धाकटी बसली. पाठ टेकताच तिच्या तोंडून 'आई गं' निघालं आणि डोळे आपोआप मिटले. थोरलीचा जीव भांड्यात पडला. आता काय व्हायचं ते होवो, असं तिला वाटलं.

साहेब मात्र बोलतच होते. त्यांना अगदी भरून आलं होतं. "सातव्या महिन्यात ही बाई एवढं करते. मग तुम्हां धडधाकट बायकांना काय झालं?" सोमवारपासून धाकटीचा आकडा तोच प्रत्येकीचा, असं त्यांनी सांगून टाकलं. जिला जमणार नाही तिने खुशाल जागा सोडावी, फाटकाबाहेर रांग आहेच. नियम म्हणजे नियम, तो खुर्चीतल्या बाईलाही लागू. पण तिला काय, तिच्या डाव्या हातचा मळ, असं म्हणून ते हसले आणि ऑफिसात निघून गेले.

थोरली मनात हिशोब करू लागली. तो आकडा मुळात एका बाईचा नव्हताच. आता तो स्वतःही गाठायचा, आणि बसलेल्या धाकटीला कमी पडेल तेही भरून द्यायचं. देवाने चार हात दिले असते तरी ते जमलं नसतं.

धाकटी खुर्चीचे हात धरून उठू लागली. "मी सांगून टाकते, ताई."

थोरलीने तिचा खांदा दाबला. "खाली बस. तोंड उघडलंस तर दोघींनाही आत्ताच्या आत्ता हाकलतील."

बायांची कुजबुज सुरू झाली. शेडमधली सगळ्यांत जुनी बाई, जिला सगळ्या मावशी म्हणत, लंगडत त्यांच्याकडे यायला निघाली. मावशीच्या जिभेला हाड नव्हतं. आता ही चारचौघींत आपली शोभा करणार, म्हणून धाकटी अंग चोरून बसली. पण मावशी खुर्चीशी वाकली आणि तिने आवाज अगदी खाली आणला.

"पोरी, खरं सांग, कसं गं जमवलंस? मलाही शिकव. गुडघे गेलेत माझे, पण हात अजून चालतात बघ."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली मान खाली घालून एका रिकाम्याच खोक्याला चिकटपट्टी लावून ते धाकटीच्या गाडीवर सरकवत होती.