मुठीतली दाढ

डॉक्टरांनी मुलीच्या तोंडात पेनाएवढा कॅमेरा फिरवला आणि समोरच्या पडद्यावर काळीकुट्ट दाढ दाखवली. “डावीकडची खालची. पार सडलीय. आजच रूट कॅनॉल करू.” आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “खा अजून चॉकलेटं! आत्तासुद्धा मुठीत लपवलंयस ना?” “चॉकलेट नाही गं, आई...” “वर तोंड करून बोलतेस?” आईने फाडकन थोबाडीत दिली आणि मूठ उघडली. आत पांढरीशुभ्र दाढ होती. “सकाळी ब्रश करताना पडली,” मुलगी स्फुंदत म्हणाली, “डावीकडचीच.” आईने तिचा जबडा उघडून पाहिलं. डावीकडे लाल खड्डा, बाकी सगळे दात स्वच्छ. काळी दाढ पडद्यावरच ठाण मांडून बसलेली. मुलीच्या गालावर आईची बोटं उमटली होती. आईने दाढ डॉक्टरांच्या नाकासमोर धरली. “ही माझ्या पोरीची. पडद्यावरची कुणाच्या पोराची हो?” तिचा हात अजून शिवशिवत होता.