न सापडलेला दिवा

वर्धा रोडवरच्या नव्या ऑफिस इमारतीत दिव्यांना नंबर द्यायचं काम संपत आलं होतं. गुंजन लॅपटॉपवरून एकेका दिव्याला लुकलुकायला सांगायची आणि तिचा सहकारी प्रीतम मजल्यावर फिरून तो दिवा शोधायचा. दुपारपर्यंत सगळे सापडले. एकच राहिला. तो लॅपटॉपला वायरवरून उत्तर देत होता, पण दिसत कुठेच नव्हता.

"मॅडम, वर कोणताच दिवा लुकलुकून नाही राहिला," प्रीतम दारात येऊन म्हणाला.

गुंजनने पुन्हा आज्ञा दिली. तेवढ्यात गावाकडून, कुहीहून, आईचा फोन आला.

"गुंजन, माजघरातला लाइट आपोआप लुकलुक करून राहिला वं. अन् विजेची लाइन तर सकाळपासून नाही."

गुंजनने आज्ञा थांबवली.

"आता थांबला," आई म्हणाली. "पण लागलेलाच आहे."

योगायोग असेल, असं मनाशी म्हणत गुंजनने तो दिवा बंद केला.

"गेला वं. काहीच दिसून नाही राहिलं."

माजघराला खिडकी नव्हती आणि घरात आई एकटी होती.

"आई, हलू नको. मी लावते."

"काय लावता, मॅडम?" प्रीतमने विचारलं. तिने दिवा पूर्ण उजेडावर लावला.

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"आई, लागला काय?"

"लागला," आई अगदी हळू आवाजात म्हणाली. "पण गुंजन, हे आपलं घर नाही वं."