घुमटाखालची कुजबुज

जुन्या नगरभवनाची घुमटाखालची भिंत गोल होती. सभासदांची कुजबुज अध्यक्षांना ऐकू यावी म्हणून म्हणे पूर्वी मुद्दाम तशी बांधलेली. इकडे पुटपुटलं की पलीकडे थेट कानात! दुरुस्तीला आलेला गवंडी आणि समोरची नक्षी रंगवणारी ती, महिनाभर एकमेकांना मापं अशीच सांगत होते. आज धीर एकवटून तो भिंतीशी पुटपुटला, "लग्न करशील माझ्याशी?"

मागे वळून बघायची त्याची छाती होईना.



मग भिंतीतून ठेकेदारबाईंचा, म्हणजे तिच्या आईचा आवाज आला, "ती चहाला गेलीय, जावईबापू. महिनाभर घरी तुमचंच कौतुक ऐकतेय मी. आता चुना वाळायच्या आत हात चालवा!"