मागचा आवाज

डॉक्टरांचं रेकॉर्डिंग ऐकून रिपोर्ट टाईप करताना अंदाजपंचे काही लिहायचं नाही, शंका आली की सरळ विचारायचं, हा टायपिस्टबाईंचा वीस वर्षांचा शिरस्ता. आज मात्र त्या वैतागल्या. एरवी खणखणीत असणारा डॉक्टरांचा आवाज तिसऱ्या मिनिटाला एकदम खाली गेला होता.

त्यांनी लिहून पाठवलं, "मागून कुणी बाई म्हणाल्या, 'हळू बोल रे, शेजारच्या खाटेवरची आत्ता कुठे झोपलीय.' ते वाक्य गाळलंय. पुढचं औषधाचं नाव ऐकू येत नाही. कळवलंत की रिपोर्ट पूर्ण करून रेकॉर्डिंग पुसून टाकते."

उत्तर दोन दिवसांनी आलं. आधी औषधाचं नाव होतं. मग, "वाक्य गाळलंत ते बरोबरच. रेकॉर्डिंग मात्र पुसू नका. तो माझ्या आईचा आवाज आहे. काल गेली ती."