पृथ्वीसाठी

"डावा की उजवा?" नर्सने विचारलं.

शलाकाने उजवा हात पुढे केला. डाव्या हातावर निळा डाग होता आणि तो दुखत होता, पण ते ती बोलली नाही. सुई आत गेली तेव्हा तिने डोळेही मिटले नाहीत.

"बहादूर छोकरी," नर्स म्हणाली.

सोनगडला असताना सुई दिसली की शलाका टेबलाखाली शिरायची. तिला बाहेर ओढायला दोन माणसं लागायची. बडोद्याला आल्यापासून मात्र ती एकदाही रडली नव्हती. इथे तिचं रक्त धाकट्या भावाला, पृथ्वीला लागत होतं.

ती दहा वर्षांची, पृथ्वीराज सात. मम्मीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्याचं रक्त बिघडलंय आणि बहिणीचंच रक्त त्याला चालतं.

"मग घ्या ना," शलाका म्हणाली होती. मम्मी तोंड फिरवून बॅग आवरत बसली होती.

मायलेकी कारेलीबागेत एका संस्थेच्या घरात राहत होत्या. आजारी मुलांना घेऊन लांबून आलेल्यांसाठीच ते घर होतं. आठ खोल्या, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. तिथे बायका आपापली कणीक मळत उभ्या असायच्या. कसं चाललंय, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. "आज रक्ताचा काउंट किती?" एवढंच. उत्तर ऐकलं की पुन्हा पोळ्या लाटायच्या.

पप्पा सोनगडलाच होते. कागद कारखान्यात रजा मिळत नाही, असं मम्मी सांगायची.

सुरुवातीला शेजारच्या खोलीत झाबुआहून आलेली पूर्वी नावाची मुलगी होती. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण भिंतीवर टकटक करून त्या बोलायच्या. तीनदा म्हणजे जागी आहेस का, दोनदा म्हणजे हो. एका सकाळी शलाकाने तीनदा वाजवलं, पुन्हा तीनदा वाजवलं. मग ती बाहेर येऊन बघते तर घर सांभाळणाऱ्या इंदिराबाई ती खोली फिनाईलने पुसत होत्या.

"पूर्वी कुठाय?"

"घरी गेली, बेटा. चाल, दूध पिऊन घे."

पूर्वीच्या चपला दाराशीच होत्या.

त्यानंतर ती खिडकीत बसू लागली. समोरच्या सोसायटीतली मुलं संध्याकाळी ट्यूशनला जायची, येताना पार्किंगमध्ये खेळायची. एकदा एका मुलीने तिला हात करून बोलावलंही.

"जाऊ?" शलाकाने मम्मीला विचारलं.

"नको, बाळा. तुला सर्दी झाली तर ती रक्तातून पृथ्वीला व्हायची."

शलाका खिडकीतून मागे सरकली. ती मुलगी थोडा वेळ वाट बघून निघून गेली.

दोन महिने झाले, तिने पृथ्वीला पाहिलं नव्हतं. तो काचेच्या खोलीत होता. तिथे कुणाला सोडत नाहीत, फोनही चालत नाही. म्हणून शलाका त्याच्यासाठी चित्रं काढायची. सोनगडचा किल्ला, शाळेची रिक्षा, दात पडलेला पृथ्वी. मम्मी ती पर्समध्ये घालून दवाखान्यात न्यायची.

"आवडलं त्याला?"

"खूप."

"काय म्हणाला?"

"हसला."

एका दुपारी मम्मी अंघोळीला गेली असताना शलाका रुमाल शोधायला बॅगेत वाकली. कपड्यांच्या तळाशी एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात चित्रं होती. सगळीच्या सगळी. तिने दोनदा मोजली. एकही पृथ्वीपर्यंत पोचलं नव्हतं.

तिने पिशवी होती तशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मम्मीने जेवायला हाक मारली, तरी उठली नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघीच असताना तिने हळूच विचारलं,

"मम्मी, शेजारची पूर्वी गेली, तसा पृथ्वी गेला का?"

मम्मीच्या हातातलं उलथणं खाली पडलं.

"असं बोलू नकोस."

"मग मला दाखव."

मम्मीने उलथणं उचलून नळाखाली धरलं. "रविवारी," ती म्हणाली. "रविवारी भेटवते."

"शपथ?"

"शपथ."

पण मम्मीने तिच्याकडे पाहिलं नाही. तव्यावरची पोळी करपली, तेव्हा कुठे तिने गॅस बंद केला.

रविवारी मम्मीने तिला नखशिखांत न्हाऊ घातलं. धुतलेले कपडे, टोपी, मास्क. रिक्षात मम्मीने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. त्याआधी घरातून निघताना इंदिराबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला होता आणि त्या लगेच आत निघून गेल्या होत्या. शलाकाला ते आवडलं नव्हतं. पूर्वी गेली त्याच्या आदल्या रात्री तिच्या आईलाही त्यांनी असंच केलं होतं.

दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर एक लांब व्हरांडा होता. त्याच्या टोकाला काचेची खोली. नर्सने दार उघडून धरलं.

आत कुणीही नव्हतं. पलंगावर पांढरी चादर ताणून घातली होती. उशीवर खळगासुद्धा नव्हता.

शलाकाचे पाय जागच्या जागी थांबले.

"मम्मी, तो कुठाय?"

मम्मी खाली बसली आणि शलाकाच्या सँडलचे पट्टे सोडू लागली.

"तू शपथ घेतली होतीस," शलाका म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती रडायला लागली.

तेवढ्यात व्हरांड्यात धावत्या पावलांचा आवाज आला. मागून पप्पांचा आवाज, "पळू नको रे!"

दारात पृथ्वी उभा होता. खराखुरा पृथ्वी. उन्हाने रापलेला, गुडघ्यावर खपली, कोपराच्या आत रक्त काढल्याच्या जागी कापसाचा बोळा चिकटवलेला.

"पृथ्वी!" शलाका रडता रडता ओरडली. "बरा झालास तू! माझ्या रक्ताने बरा झालास!"

पृथ्वीने गोंधळून मम्मीकडे पाहिलं, मग ताईच्या हातांवरच्या निळ्या डागांकडे. पप्पा मागून पोचले, त्याच्या तोंडावर हात ठेवायला पुढे झाले, पण तोवर तो बोलून गेला होता.

"मला कुठे काय झालं होतं? तू आजारी आहेस, पण ते तुला सांगायचं नाही, असं पप्पांनी सांगितलंय."