एकोणिसावी बी

डब्यात एकोणीस बिया निघाल्या. प्राजक्तानं पुन्हा मोजल्या. एकोणीसच!

"असं होऊच नाही शकत, आई."

आई जमुना चुलीपाशी पुटपुटत होती, "मीठ टाकलं का वं जमुना? टाकलं बापा." मग तिनं मान वर केली. "काय झालं?"

अमरावतीच्या कॉलेजात नीलम मॅडमनी शिकवलेला नियम प्राजक्ता घरावर तपासून पाहत होती. घरातल्या पाचही जणांनी, म्हणजे आई, बाबा, काका, पार्बताकाकू आणि ती स्वतः, आपण घरात जितक्या जणांशी बोलतो तितक्या संत्र्याच्या बिया गुपचूप डब्यात टाकायच्या. बोलायला दोघं लागतात, म्हणजे प्रत्येक जोडीच्या दोन बिया. बेरीज समच यायला हवी.

अबोला फक्त दोघांत होता, बाबा खुशालराव आणि काका शालिकराम यांच्यात. संत्र्याचा बगीचा कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचा, एवढ्यावरून भाऊ भावाला पारखा झालेला. उद्या अंगणात मधोमध भिंत उभी राहणार होती. विटा येऊन पडल्या होत्या. त्या दिसल्या की प्राजक्ताला रडू यायचं.

सगळे बोलत असते तर वीस; त्यातून या दोघांच्या दोन वजा, म्हणजे बिया अठराच हव्या होत्या. जास्तीची कोणाची?

ती बाबांकडे गेली. "बाबा, कोणीतरी न बोलणाऱ्यालेही धरलं. तुमी काय?"

"मी काहून धरू? तीनच टाकल्या मी." मग बाबांनी गोठ्याकडं पाहिलं. "शालिकनं टाकली असंल?"

काका गोठ्यात होते. तेही तीनच म्हणाले. मग हातातली पेंढी तशीच धरून त्यांनी विचारलं, "दादानं टाकली का वं?"

"चौथी मी टाकली नाही, एवढंच म्हणाले ते."

"तो कधी कबूल करते!" काका म्हणाले. पण पेंढी गुरांपुढं टाकायची ते विसरूनच गेले.

संध्याकाळी काका येऊन विटांवर बसले. बाबा बाहेर गेले.

"चहा घेतो काय रे?"

"घेतो ना, दादा."

इतकंच. दुसऱ्या दिवशी गवंडी आला, तर दोघा भावांनी मिळून त्याला गोठ्याचं काम दाखवलं. पार्बताकाकूनं डोळ्यांना पदर लावला. प्राजक्ता नाचतच स्वयंपाकघरात शिरली.

"आई, सांग न, पहिल्यांदा कोण नमलं असंल? बाबा का काका?"

"ते मले काय मालूम? मी आपल्या पाच टाकल्या होत्या."

"पाच? तुले सोडून चारच तं माणसं हायेत घरात!"

"हो ना," भाकरी उलटत आई म्हणाली, "पण दिवसभर इथं माह्यासंगं बोलते कोण? म्हणून मी जमुनालेही धरलं."