उसनी पाठ

“ही बाई कोण? हिला उठवा गं इथून,” मन्नाना म्हणाली आणि पाण्याची बादली तिने आपल्याकडे ओढून घेतली.

ही बाई म्हणजे तिची पोटची पोर, गिज्लान. आईला आपल्याकडे न्यायला ती कासाब्लांकाहून आली होती. दोन दिवस घरात हेच चाललं होतं, आता सेफ्रू गावच्या हम्मामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, गल्लीतल्या दहाबारा बायकांसमोर तेच झालं. गिज्लानने मान खाली घातली आणि डोक्यावरून भांडंभर पाणी ओतून घेतलं. वाफेत रडलेलं कुणाला दिसत नाही, एवढी एक सोय.

तिला आज हम्मामात यायचंच नव्हतं. भावाने फोनवर सांगितलं होतं, “यम्माचं डोकं ठिकाणावर नाही. हम्मामात परक्या बायकांना धरून बसते. तोंड दाखवायला जागा नाही राहिली.” म्हणून तर सगळी तयारी झाली होती. कासाब्लांकातल्या घरात नळ फिरवला की गरम पाणी येतं, सांभाळायला बाई ठरवली आहे, उद्या शुक्रवारचा कुसकुस खाल्ला की निघायचं. फक्त निघण्याआधी आईने एकदा आपल्याला ओळखावं, एवढंच तिला हवं होतं. एकदाच. पण आज गुरुवार, आईचा हम्मामचा दिवस, आणि मन्नाना सकाळपासून बादली घेऊन उंबऱ्यावर बसलेली. नाइलाजाने दोघी आल्या.

आत काहीच बदललं नव्हतं. काळ्या साबणाचा तोच वास, घुमटातल्या भोकांतून उतरणारा तोच उजेड. बाहेरच्या खोलीत न्हाऊन आलेल्या बाईला सगळ्याजणी “बिस्सहा, बिस्सहा” म्हणत, म्हणजे अंगी लागो. मग आई संत्रं सोलून द्यायची. त्या एका संत्र्यासाठी लहानगी गिज्लान सगळे हाल सोसायची. आई तिला दोन गुडघ्यांमध्ये गच्च धरायची आणि कांदा सोलावा तशी घासून काढायची. किती चिडायची ती तेव्हा! आणि आता वाटत होतं, एकदा कुणीतरी तसं धरावं.

“तुझा आवाज अजून कानात आहे गं माझ्या,” हद्दूम म्हणाली. तिची सारी हयात या हम्मामात बायकांना न्हाऊ घालण्यात गेली होती. “पाठ घासायला घेतली की अशी किंचाळायचीस, रस्त्यावरच्यांना वाटायचं, बकरी कापतायत!”

“आणि यम्मा म्हणायची, या कार्टीने मला अकाली म्हातारं केलं.”

दोघी हसल्या. मन्नाना हसली नाही. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

अंग ज्याचं त्याने घासावं, पण स्वतःची पाठ कुणाच्या हाताला येते? म्हणून शेजारणीला आपली पाठ द्यायची, तिची आपण घ्यायची. ओळख असो नसो, मागितलेली पाठ नाकारायची नाही, हा इथला रिवाज. मन्नानाने उजव्या हातात खरबरीत हातमोजा चढवला आणि बेकरीवाल्याच्या बायकोसमोर, शामासमोर, जाऊन बसली. “पाठ दे गं.” शामाचे केस फेसाने भरलेले होते. तरी ती मुकाट्याने वळली. मन्नानाने दोन हात मारले. मग डावा तळवा तिच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली टेकवला, दाबला आणि कान देऊन थांबली.

“नाही. ही नव्हे.”

ती पुढच्या बाईकडे सरकली. तिथेही तेच. मग तिसरीकडे.

गिज्लानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली. “माफ करा हं. मी नेते तिला घरी.”

हद्दूमने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. “कुठे निघालीस? दोन वर्षं झाली, दर गुरुवारी असंच असतं. आम्ही पाळ्या लावल्यात. शामाला तर ताप होता काल, तरी आली. चारपाच पाठी घासल्याशिवाय तुझ्या आईला चैन पडत नाही, मग देतो आम्ही उसन्या. पाठ काय, झिजते थोडीच!”

“पण ती शोधते तरी काय?”

“विचारलं की म्हणते, हात लावला की कळेल.”

गिज्लानने आईकडे पाहिलं. भावाला लाज वाटत होती. तिलाही वाटली होती. आणि या बायका तापात उठून येत होत्या.

पाच पाठी झाल्या. मन्नाना दमून परत आली, भिंतीला टेकून बसली. जरा वेळाने तिची नजर शेजारच्या त्या अनोळखी बाईवर गेली.

“ए बाई, तू उरलीस. दे पाठ.”

गिज्लान वळली. कामासाठी घर सोडून तिला सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षांत या पाठीला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. हातमोजा वरून खाली फिरला, तोच जोर, तेच वजन. तिने डोळे मिटले. मग ओला डावा तळवा फऱ्याखाली सरकला आणि तिथे दाबला गेला.

गिज्लान किंचाळली. चाळिशीची बाई, पण लहान पोरीसारखी किंचाळली, वेडीवाकडी झाली, हसता हसता तिची बादली लवंडली. त्या एका जागी तिला भयंकर गुदगुल्या व्हायच्या. लहानपणापासून. ती जागा एका आईलाच ठाऊक होती.

हम्मामात कुणी पाणीसुद्धा ओतेना.

मन्नानाने हात काढला नाही. दोन्ही गुडघे पुढे घेऊन तिने त्या बाईला मध्ये ओढलं आणि गच्च धरलं.

“जा गं बायांनो, न्हाऊन घ्या आता,” ती म्हणाली. “माझी सापडली.”